खणाची पाटी

“उघडलास का?” पंपवाल्याने फोनवर विचारलं.

“उघडतोय.”

“उघडतोय म्हणजे? इकडे प्रेशर चढायला लागलं. झाकणावर झोपलास की काय?”

“पाटीत बघितल्याशिवाय चावी लावायची नाही, असं परिपत्रक आहे बाबा. तुझ्यासाठी नियम मोडू?”

“एकतीस वर्षं डोळे मिटून फिरवलीस ती चावी. आता पाटी शिकवणार तुला,” असं म्हणून पंपवाल्याने फोन ठेवला.

चावीवाल्याने खांद्यावरची चावी भिंतीला टेकवली. चावी म्हणजे छातीइतक्या उंचीचा लोखंडी दांडा. वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातलं झाकण उचलायचं, दांडा आत सोडायचा, व्हॉल्वच्या डोक्यावर बसवायचा आणि फिरवायचा, एक फेरा म्हणजे एक आटा. मग त्या भागातल्या नळांना पाणी येतं. हे काम त्याचं, म्हणून ऑफिसात तो चावीवाला, गल्ल्यांमधल्या बायकांचा चावीकाका आणि पंपवाल्याचा चाव्या. तो पंपवाल्याला पंप्या म्हणायचा, त्यामुळे फिट्टंफाट होती.

त्याने शर्टाच्या खिशातून पाटीचं यंत्र काढलं. साबणाच्या डबीएवढं असेल. अंगठ्याने वरचा भाग ढकलला तसा टक् आवाज झाला आणि खालून बटणांचा खण बाहेर सरकला. कानामागची आगकाडी काढून त्याने तिच्या बोथट टोकाने आकडे दाबले. बोटाने दाबलं तर एकदम तीन बटणं दाबली जायची. त्याचं एकेक बोट आणि त्या यंत्राचं एकेक बटण यांची भेट मुळी देवाने ठरवलेलीच नव्हती.

काचेवर अक्षरं आली. “११८. शाळेची मागची भिंत. तेवीस आटे. उलटा. पहिला अर्धा आटा जड. कुत्रं भुंकतं, चावत नाही.”

कुत्रं भुंकत होतंच. चावीवाल्याने ‘उलटा’ हा शब्द पुन्हा एकदा वाचला, ओठ हलवून म्हणून बघितला आणि खण आत ढकलला. मग चावी लावून उजवीकडे जोर दिला. तेविसाव्या आट्याला जमिनीखाली पाणी घुमायला लागलं.

गावात असे तीनशे शहाऐंशी व्हॉल्व होते. सगळे डावीकडे फिरवले की उघडत, पण त्यातले अकरा फार वर्षांपूर्वी कुठल्या तरी दुसऱ्या कारखान्यातून आले होते आणि ते उजवीकडे उघडत. वरून बघून काही कळत नसे. झाकणं सारखीच. जुने व्हॉल्व गंजून चिकटून बसलेले असतात, त्यामुळे पहिला अर्धा आटा सगळं अंग टाकून काढावा लागतो. एवढा जोर चुकीच्या बाजूला पडला तर आतली सळई मोडते. मग रस्ता खणा, पाइप कापा, आणि चार दिवस त्या भागाने बादल्या घेऊन बोंबलत फिरायचं. ते अकरा कुठले, हे कुठल्याही कागदावर नव्हतं. म्हाताऱ्या चावीवाल्याने ते ह्याला तोंडी शिकवले होते आणि चावी हातात देऊन तो निघून गेला होता.

आता मागच्या वर्षापासून ते अकरा ह्याच्या डोक्यातून एकेक करून निसटायला लागले होते.

पहिल्यांदा झालं ते दवाखान्याच्या कोपऱ्यावर. चावी व्हॉल्ववर बसवली, पाय रोवले आणि कुठल्या बाजूला अंग टाकायचं तेच कळेना. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. फक्त जिथे ती गोष्ट असायची तिथे काही नव्हतं. त्याने फोन आल्याचं सोंग केलं, कानाला हात लावून दोन मिनिटं हो, हो म्हणत उभा राहिला. मग आठवलं. त्याला वाटलं, वय झालं, चालायचंच. छप्पन्न म्हणजे काही तरणा नाही. पण पंधरा दिवसांनी तसंच झालं, मग आठवड्याने, आणि एकदा तर झाकण कुठल्या गल्लीत आहे तेही आठवेना. गल्लीतल्या बाईनेच हटकलं, “काका, आज पुढे कुठे चाललात?”

त्याने कुणालाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला दोन वर्षं होती. ती कुठल्याही टेबलापाशी बसून काढू दिली असती कदाचित, पण त्याला टेबल नको होतं. ऑफिसात नवा माणूस आला की त्याला दाखवत, हा आमचा नकाशा. मोठे साहेबसुद्धा त्याला तसंच म्हणत. तो नकाशा फाटलाय हे कळल्यावर लोक ज्या मऊ आवाजात बोलायला लागतील, त्या आवाजाची त्याला भीती वाटत होती. तसा मऊ आवाज त्याने आपल्या वडिलांशी काढला होता.

अशात त्या पाट्या आल्या. कुणा पुरवठादाराने सहा यंत्रं तीन महिने वापरून बघायला दिली होती. परिपत्रकात त्यांना हातातला संगणक म्हटलं होतं. लोकांनी पहिल्याच दिवशी खणाची पाटी असं नाव ठेवलं. चार मीटर वाचणाऱ्यांना, एक गळतीवाल्याला म्हणजे फुटके पाइप जोडणाऱ्याला, आणि एक चावीवाल्याला. वाटप करताना धाकट्या मॅडम म्हणाल्या होत्या, “काका, तुमची एक चावी, यात चाळीस आहेत, बोटाने दाबायच्या.” धाकट्या मॅडम म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर. हे खूळ त्यांनीच मोठ्या साहेबांच्या गळी उतरवलं होतं.

पंधरा दिवसांत पाचजणांचा निकाल लागला. उन्हात काच दिसत नाही. खणात वाळू गेली की उघडताना दात खाल्ल्यासारखी करकरते. गारठ्यात बॅटरी दुपारच्या आत मान टाकते. एक मीटरवाला म्हणाला, “यंत्र धरायला दोन हात लागतात, मग कुत्रं हाकलायला तिसरा कुणाचा आणू? बायकोचा?” हे सगळं खरंच होतं. चावीवाल्यालाही तेच त्रास होते. शिव्याही त्याने तितक्याच घातल्या असतील.

पण दोन महिन्यांत त्याने तीनशे शहाऐंशी व्हॉल्व भरले. ज्या सकाळी डोकं स्वच्छ असेल त्या सकाळी भरायचं, व्हॉल्व फिरवून, पाणी ऐकून, मग आगकाडीने एकेक अक्षर. लिहिलेलं मोठ्याने वाचायचं. मग खण बंद. पंपवाला म्हणायचा, “चाव्या, शाळेत असा अभ्यास केला असतास तर आज साहेब असतास आणि मला छळत असतास.”

एवढंच होतं तर वहीत का नाही लिहिलं, असं कुणी विचारलं असतं तर त्याच्याकडे उत्तर होतं. एकतीस वर्षांचा चावीवाला झाकणापाशी उभा राहून खिशातून वही काढतो म्हटल्यावर समोरच्या खिडकीतल्या पोरीलाही कळलं असतं. आधी त्याने चिठ्ठ्या करून बघितल्या होत्या. त्या बायकोने शर्टाबरोबर धुतल्या आणि विचारलं, हे काय लिहिलंय, उलटा उलटा? पाटीचं तसं नव्हतं. पाटीत बघणं हा हुकूम होता. पाटी उघडून उभा असलेला माणूस विसरलेला दिसत नाही, नियम पाळणारा दिसतो. परिपत्रकात यंत्राचे नऊ फायदे दिले होते, त्यात हा नव्हता.

आणि तो खण नसता, नुसती आकड्यांची बटणं असती, तर यंत्र त्याच्या काही कामाचं नव्हतं. आकड्यांनी त्याला काहीच आठवत नसे. ‘कुत्रं भुंकतं, चावत नाही’ असं वाचलं की भिंत आठवायची, भिंतीवरून झाकण, आणि झाकणावरून हात आपोआप योग्य बाजूला जायचे.

तिसऱ्या महिन्यात त्याने एक जास्तीची नोंद केली. “३८७. घर. गॅस. चहा झाल्यावर बंद करणे. बटण उजवीकडे.” लिहून झाल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण पुसली नाही.

असं सगळं जमल्यावर मात्र तो अडकला. यंत्र चांगलं म्हणावं तर साहेब घेणार, आणि मग हातात आगकाडी धरता येणारा कुणीही चावीवाला होणार. आपल्याच हाताने त्याने आपला खड्डा खणला होता, तोही शुद्धलेखन तपासून. वाईट म्हणावं तर महिनाअखेर यंत्र परत जाणार आणि तो रिकाम्या डोक्याने झाकणापाशी उभा राहणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याने ठरवलं, आपण काहीच म्हणायचं नाही.

पण बैठकीच्या आदल्या दिवशी मॅडमनी त्याला बोलावून घेतलं.

“काका, पाचही जण विरोधात लिहून देतायत. तुम्ही एकट्यानेच नीट वापरलंय. उद्या तुम्ही बोलायचं.”

“मला बोलता येत नाही मॅडम. मी चावी फिरवतो.”

“तुमचं साहेब ऐकतात. मागे तुम्ही तापाने आजारी होता ते आठवतंय ना? आठ दिवस मला झोप नव्हती. एकाने बाजारातला व्हॉल्व मोडला. सगळं गाव एका माणसाच्या डोक्यात आहे, हे बरं नाही. तुम्हाला काही झालं तर?”

“मला काय होतंय,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात जरा जास्तच जोर आला असावा, कारण मॅडमनी मान वर करून बघितलं.

बैठक मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली. टेबलावर सहा पाट्या ओळीने मांडल्या होत्या. एकेकाने तक्रारी सांगितल्या. गळतीवाल्याने आपली पाटी उचलून खण ओढून दाखवला, तो निम्म्यावर अडकला आणि सगळे हसले. मग मॅडम बोलल्या. काच, वाळू, बॅटरी, सगळं त्यांनी मान्य केलं. बॅटरी दुसरी मिळते, वाळूसाठी पिशवी शिवता येते, असं म्हणाल्या. “पण यातल्या एकात आज आपलं सगळं पाणी आहे, साहेब. काकांनी भरलंय. असा कागद आपल्याकडे कधीच नव्हता.”

मोठे साहेब पोक्त गृहस्थ होते. त्यांनी पाणी जोखलं. “भरलंय ते बरोबर आहे कशावरून?”

“काकांनीच भरलंय ना.”

“मग तपासू की. तुम्ही पाटीतून कुठलाही नंबर काढा, उत्तर मनात ठेवा. हे तोंडी सांगतील. आमच्या नकाशापेक्षा मोठा पुरावा कुठला?”

लोकांना ही कल्पना फार आवडली. कुणी तरी खुर्च्या सरकवल्या. चावीवाल्याने तळहात पँटला पुसले.

“बावन्न,” मॅडम म्हणाल्या.

“टाकीखाली. चौदा आटे. सुलटा.” बरोबर.

“तीनशे तीन.” तेही बरोबर. “सत्तर.” बरोबर. “एकशे अठरा.” कुत्रं भुंकलं, भिंत दिसली. “तेवीस, उलटा.” पंपवाला मागे उभा होता, त्याने मांडीवर थाप मारली.

“दोनशे चौदा.”

“गिरणीमागची गल्ली. एकोणीस आटे.” तो थांबला. पुढचा शब्द नव्हता. खोलीत सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, लहान मुलाने कविता म्हणावी आणि घरच्यांनी बघावं तसे. “सुलटा,” तो म्हणाला.

मॅडम काचेकडे बघत राहिल्या. “इथे उ लिहिलंय. उलटा.”

मग मोठे साहेब खुर्चीत मागे टेकले. “झालं तर मग. यंत्र चुकलं.”

“पण साहेब, भरलंय यांनीच...”

“अहो, ती बटणं बघा आणि यांची बोटं बघा. स दाबायला गेलं तर अर्धी बाराखडी दाबली जाईल. बोट सरकलं असणार. काय हो?”

उ वरच्या ओळीत होता आणि स खालच्या. मध्ये बटणांची अख्खी एक ओळ होती. बोट सरकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बोट वापरलंच नव्हतं. आगकाडी होती, आणि लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं होतं. हे सगळं चावीवाल्याला त्या खोलीत, त्याच क्षणी, लख्ख आठवत होतं. पाटी बरोबर होती. तो चुकला होता.

“बोट सरकलं असेल,” तो म्हणाला.

“पाचात एक चूक,” साहेब म्हणाले. “म्हणजे सत्त्याहत्तर व्हॉल्व आपण उलटे फिरवायचे. गावाला पाणी द्यायचं की पाणी पाजायचं?” लोक मनापासून हसले. मीटरवाल्यांनी चावीवाल्याच्या पाठीवर थापा मारल्या. माणसासारखं यंत्र होत नाही, असं कुणी तरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. सहाही पाट्या तिथेच जमा झाल्या. मॅडमनी त्या एका खोक्यात ठेवल्या, वरून चिकटपट्टी लावली. त्याला वाटत होतं की त्या आपल्याकडे रागाने बघतील, पण त्यांनी बघितलंच नाही.

घरी बायको खुशीत होती. पंपवाल्याच्या बायकोने फोन करून तिला सगळं आधीच सांगितलं होतं.

“अहो, यंत्राला हरवलंत म्हणे. आता तरी माझ्याकडे बघाल. तीन महिने त्या सवतीचं तोंड बघत होतात.”

तो हसला. तिच्यासाठी म्हणून त्याने स्वतः चहा केला, दोन कप भरले आणि बाहेरच्या खोलीत आणून ठेवले. ती लगेच उठली, स्वयंपाकघरात गेली. बटण फिरवल्याचा बारीक आवाज आला. परत येऊन तिने कप उचलला.

“चालू राहिला होता?” त्याने विचारलं.

“नाही हो. बंदच होता. मी आपली बघते.”

“रोज बघतेस?”

तिने चहात फुंकर घातली. “निवला की चांगला लागत नाही, प्या,” ती म्हणाली. ती किती महिने अशी बघत होती, हे त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोनशे चौदाची पाळी होती. रात्री झोप लागेपर्यंत तो ‘उलटा, उलटा’ घोकत पडला होता. सकाळी गिरणीमागच्या गल्लीत त्याने झाकण उचललं, चावी बसवली आणि पाय रोवले. काल बैठकीत भांडण झालं होतं ते आठवलं. एक शब्द तो म्हणाला होता आणि एक पाटी म्हणाली होती, आणि पाटी बरोबर होती. पण पाटी काय म्हणाली होती? घोकून घोकून दोन्ही शब्द सारखेच गुळगुळीत झाले होते. उलटा म्हटलं तरी खरं वाटत होतं, सुलटा म्हटलं तरी.

हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा सपाट होता.

फोन वाजला. “उघडलास का?”

त्याने मूठ घट्ट धरली. डावीकडे जोर दिला तर तीनशे पंच्याहत्तर वेळा बरोबर आणि अकरा वेळा सत्यानाश. समोरच्या खिडकीत एक बाई बादली घेऊन उभी होती. “काका, येतंय का?” तिने विचारलं.

“चाव्या, काटा लाल रेघेला टेकला. काय करतोयस?”

“पंप बंद कर,” तो म्हणाला.

“काय?”

“पंप बंद कर. मला आठवत नाहीये.”

“काय आठवत नाहीये?”

“बाजू.”

पंपवाला एरवी एवढ्यावर आठवडाभर पुरेल इतकी चेष्टा करणारा माणूस. त्याने खटका ओढला. फोनमधून पंपाची घरघर खाली खाली जात थांबल्याचं ऐकू आलं. एकतीस वर्षांत त्या वेळेला ती कधी थांबली नव्हती.

“येऊ का तिकडे?” पंपवाल्याने विचारलं. मऊ आवाजात. ज्याला तो इतके महिने भीत होता तो आवाज हाच, आणि तो काढणारा निघाला पंप्या.

“तू पंप सोडून येऊ नकोस. मॅडमना फोन कर. मी ऑफिसात जातो.”

त्याने झाकण परत लावलं. बाईला म्हणाला, “ताई, आज उशीर होईल. चूक माझी आहे.” ती बघतच राहिली. तिच्या माहितीत चावीकाकांची कधी चूक झाली नव्हती.

मॅडम ओल्या केसांनीच आल्या. चावीवाला चावी खांद्यावर घेऊन दारात उभा होता. बसा म्हटलं तरी बसला नाही.

“मॅडम, काल पाटी बरोबर होती. मी चुकलो. नुसता काल नाही, वर्षभर मला असं होतंय. पाटी होती म्हणून निभावलं.” हे वाक्य त्याने रस्ताभर जुळवलं होतं, विसरू नये म्हणून.

मॅडमनी खुर्ची ओढली, पण त्याही बसल्या नाहीत. “उ वरच्या ओळीत आहे आणि स खालच्या,” त्या म्हणाल्या. “काल खोकं बांधतानाच माझ्या लक्षात आलं. एवढं बोट सरकत नाही.”

“मग साहेबांना का नाही सांगितलंत?”

“तुमच्यापुढे माझं कोण ऐकणार होतं, काका? आणि...” ब्लेडने त्यांनी खोक्याची पट्टी कापली, पाट्या चाचपून आगकाडीच्या टोकाने बटणं घासली गेलेली पाटी ओळखली आणि खण बाहेर काढला. टक्. मोठ्याने वाचायला लागल्या. “दोनशे चौदा. गिरणीची मागची गल्ली. एकोणीस आटे. उलटा. माझी पहिली चावी इथेच वाकली. विसरू नये.”

शेवटचे दोन शब्द वाचताना त्यांचा आवाज खाली गेला. त्याने मान हलवली. लिहिलेलं त्याचंच होतं.

“अहवाल पुन्हा लिहावा लागेल,” मॅडम म्हणाल्या. “साहेब कारण विचारतील. तुमचं नाव येईल त्यात.”

“लिहा. जसं आहे तसं लिहा. यंत्राला काही येत नाही मॅडम, कुणी तरी भरावं लागतं. आणि ज्याला येतं त्याचं डोकं कायम राहत नाही. तेव्हा त्याला आठवतंय तोवर भरून घ्या, असं लिहा. खणाला वाळूसाठी पिशवी शिवा. आणि प्रत्येकाला एक आगकाडी द्या.”

मॅडम हे लिहून घेत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी पाटीवर नोंदी पुढे सरकवल्या आणि थांबल्या. “हा तीनशे सत्त्याऐंशी कुठला? आपल्याकडे शहाऐंशीच आहेत.”

“तो घरचा आहे,” चावीवाला म्हणाला.

मॅडमनी वाचलं. पुसण्याचं बटण वरच्याच ओळीत होतं, लाल. त्यांनी ते दाबलं नाही.

दोनशे चौदाला तिघं गेले. मॅडम, चावीवाला, आणि आता हे काम ज्याच्याकडे जाणार होतं तो गळतीवाला. मॅडमनी पाटी हाताच्या सावलीत धरली, कारण उन्हात काच खरंच दिसत नव्हती. “उलटा,” त्या म्हणाल्या. चावीवाल्याने पाय रोवले आणि सगळं अंग उजवीकडे टाकलं. व्हॉल्व कण्हला, मग सुटला. तो आटे मोठ्याने मोजत होता आणि गळतीवाला मनातल्या मनात. एकोणिसाव्याला जमिनीखाली पाणी घुमलं. खिडकीतल्या बाईने बादली नळाखाली सारली.

फोन वाजला. “उघडलास का?”

“उघडला.”

पंपवाल्याला अजून काही तरी म्हणायचं होतं बहुतेक. “ठेव मग,” चावीवाला म्हणाला.

त्याने चावी बाहेर ओढली, तोंडाला लागलेला चिखल फडक्याने पुसला आणि गळतीवाल्याच्या हातात दिली. गळतीवाल्याने ती उचलून डाव्या खांद्यावर घेतली, तसा दांडा मागे कलला.

“उजव्यावर घे. आणि मूठ पुढे ठेव, म्हणजे मागच्या माणसाचा डोळा फुटत नाही.”

गळतीवाल्याने खांदा बदलला. मॅडम म्हणाल्या, “काका, मी साहेबांशी बोलते. तुम्ही आज घरी जा. काकूंना सांगा.”

“तिला माहीत आहे,” तो म्हणाला.

मग तो निघाला. गल्लीच्या टोकापर्यंत सरळ चालत गेला, तिथून घराच्या वाटेने बाजाराकडे वळला. उजवा हात खांद्यापाशी तसाच वर होता, बोटं मिटलेली, दांडा तोलून धरायला.